आडवी बोली

बेबाबाई आपल्या दिराशी बोलत नव्हती, पण दर रविवारी त्याच्यासमोर बसून ब्रिज खेळत होती. गावाला याचं मोठं नवल. बेबाबाईला गावाचं नवल. ब्रिजच्या टेबलावर भिडूशी बोलायची बंदीच असते, बोललं तर पंच दंड करतो. मग मुका भिडू मिळाला तर वाईट काय झालं? असं ती विचारणाऱ्याला तोंडावर सांगायची, आणि विचारणारा पुन्हा त्या वाटेला जात नसे.

यावलच्या पुढचं त्यांचं गाव, चहूकडे केळीच्या बागा. तिथे हा खेळ आला तो बँकेच्या एका साहेबांमुळे. फार वर्षांपूर्वी ते बदलून आले, संध्याकाळी करमेना, म्हणून तीन शेतकऱ्यांना धरून बसवलं आणि रमी खेळणाऱ्या हातांना ब्रिज शिकवला. त्या तिघांत बेबाबाईचा नवरा झिपरूभाऊ. साहेब गेले, खेळ राहिला. केळीची कटाई लागली की चौथा माणूस हमखास बागेत अडकायचा. असाच एकदा चौथा आला नाही, तेव्हा चहाचे कप उचलायला आलेली बेबाबाई म्हणाली, "सरका, मी बसते." सगळे हसले. ती बसली ती उठलीच नाही. नवरा-बायको भिडू झाले. धुळे, भुसावळ, बऱ्हाणपूर, जिथे स्पर्धा असेल तिथे हे जोडपं जायचं. बेबाबाईचं तोंड आणि झिपरूभाऊंचं हसू, दोन्ही लोकांच्या ओळखीचं झालं.

मग झिपरूभाऊ गेले. ते कसे गेले हे आधी सांगायला पाहिजे, कारण दिराशी अबोला तिथून धरला.

झिपरूभाऊंची छाती खराब होती. एकदा जळगावच्या दवाखान्यात घशात नळी घालून त्यांना मशीनवर ठेवायची पाळी आली होती. डॉक्टर म्हणाले, बाई, आशा कमी आहे. बेबाबाई म्हणाली, तुमची कमी असेल, माझी नाही. ती दवाखान्यात ठाण मांडून बसली, डॉक्टरांशी भांडली, नर्सांशी भांडली, आणि नवऱ्याला घरी घेऊन आली. वाळला होता, आवाज फाटला होता, हात बांधून ठेवल्याचे वळ मनगटावर होते. पण जिवंत होता. "ओढून आणलं मी यांना," असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची. झिपरूभाऊ बाजूला बसून हसायचे.

पुढच्या वर्षी पुन्हा श्वास लागला. बेबाबाई तेव्हा पहूरला होती, तिच्या सख्ख्या बहिणीच्या दहाव्याला. मुलगा जितेंद्र गाडी घेऊन तिच्यासोबतच होता. झिपरूभाऊंना जळगावला नेलं ते धाकट्या भावाने, पंडितने. फोन आला तशी ही मायलेकं निघाली. रस्ता सगळा खोदून ठेवलेला, पुढे ट्रकची रांग. बेबाबाईने गाडीतून पंडितला फोनवर ओरडून सांगितलं, "मशीन लावा म्हणावं! मी येऊन राह्यली. मी येईपर्यंत कोनी काही ठरवायचं नही!"

ती पोचली तेव्हा झिपरूभाऊंच्या तोंडावर चादर होती. मशीन लावलंच नव्हतं. नळी घालायची नाही असं पंडितने सांगितलं, सहीही त्यानेच केली.

"काहून नही थांबला माह्यासाठी?" तिने विचारलं.

"नही थांबलो," पंडित म्हणाला. खाली मान. बाकी काही नाही.

त्या दिवसापासून बेबाबाईने त्याच्याशी बोलणं टाकलं. आणि बेबाबाईने टाकलं म्हणजे घराने टाकलं. जितेंद्रच्या पोरीच्या लग्नात त्याचा सख्खा काका मांडवात पाहुण्यांसारखा खुर्चीवर बसून जेवून गेला. दोन घरांत एकच भिंत, पण वाटीभर भाजी इकडची तिकडे गेली नाही.

वर्ष सरल्यावर बेबाबाई पुन्हा पत्त्याला बसायला गेली. तिच्यासमोरची जागा रिकामी होती. कोणी बसायला धजेना, कारण हिच्यासमोर चूक करणं परवडत नाही हे सगळ्यांना माहीत. पंडित आला आणि बसला. भावाच्या पाठीमागे बसून तो सगळा खेळ शिकलेला, भावासारखाच पानांचा पंखा मिटून मुठीत धरायचा. बेबाबाईने त्याच्याकडे पाहिलं नाही. पानं वाटली गेली. तिने बोली लावली, त्याने उत्तर दिलं. तेव्हापासून तेवढंच त्यांचं बोलणं: एक किलवर, एक इस्पिक, दोन चौकट, पास.

*

यंदा धुळ्याच्या स्पर्धेला जितेंद्रने दोघांना गाडीतून नेलं. बेबाबाई पुढे, पंडित मागे. पारोळ्याला चहा झाला. जितेंद्रने दोन कप आणले, एक आईला आणि एक स्वतःला. पंडितने खाली उतरून आपला आपण घेतला. रोजचंच होतं ते, कोणाला त्यात काही वाटेनासं झालं होतं.

सकाळचा खेळ छान झाला. जेवणाच्या सुट्टीत फळ्यावर त्यांचं नाव वरून दुसरं होतं. बेबाबाई ताट घेऊन बायकांत बसली. धुळ्याच्या भटूभाऊंची बायको भिकुबाई शेजारी होती. गोड बाई, पण जिभेला लगाम नाही.

"अक्का, आता तुमचं कसं होणार हो?" भिकुबाई म्हणाली.

"कसं म्हणजे? माझं काय बिघडलं?"

"नाही, पंडितभाऊ चालले ना सुरतला, मुलाकडे. स्वप्नीलने खोली बांधली म्हणे त्यांच्यासाठी. ह्यांना सांगत होते सकाळी, ही शेवटची स्पर्धा म्हणून. घर पण दिलं म्हणे कोणाला तरी राहायला."

बेबाबाईच्या हातातला भाकरीचा तुकडा हातातच राहिला. पण ती बेबाबाई होती. "मला माहीत नाही होय?" ती म्हणाली. "माझ्या घरचं मला धुळ्यात येऊन कळायचं का? भरीत वाढ जरा, तिखट कमी आहे तुमच्याकडचं."

भरीत वाढलं गेलं. ते तिने ताटाच्या कडेला सारलं.

तिला राग आला होता, पण तो नेहमीचा राग नव्हता. नेहमीचा तिच्या ओळखीचा होता, कुठून येतो आणि कुठे जाऊन फुटतो हे तिला ठाऊक होतं. याला फुटायला जागाच नव्हती. भिंतीपलीकडे तो खोकायचा, सकाळी मोटार चालू करायला जाताना त्याच्या चपला वाजायच्या, तेवढ्यावर तिला कळायचं की आहे, इथेच आहे, याच्याशी मी बोलत नाही. आता तो जाणार. मग ती कोणाशी बोलणार नव्हती?

*

दुपारी तिसऱ्या-चौथ्या डावाला विरुद्ध बाजूला भटूभाऊ आणि नवीन नावाचा त्यांचा पुतण्या आले. नवीन जळगावला पाइपांच्या कारखान्यात इंजिनिअर, हुशार पोरगा, केस कपाळावर. तो बेबाबाईच्या उजव्या हाताला बसला. पानं उचलली. नवीनने डब्यातून लाल 'स्टॉप'चं कार्ड काढून टेबलावर ठेवलं आणि त्यामागे बोली लावली: तीन बदाम.

ही आडवी बोली. ज्यांनी ब्रिज खेळला नाही त्यांना सांगते. या खेळात समोरासमोरचे दोघे भिडू बोलीतूनच एकमेकांना आपली पानं कळवतात. खालून सुरू करायचं, एक-एक पायरी चढत सांगायचं, माझ्याकडे हे आहे, तुझ्याकडे काय? आता एखाद्याच्या हातात मोठी पानं नसतात, पण एकाच रंगाची सात पानं गोळा झालेली असतात. तो काय करतो, एकदम वरची बोली ठोकतो. दुसऱ्या दोघांना आपसांत बोलायला जागाच उरू नये, एवढाच त्याचा डाव. वाटेत बाभळीची काटेरी फांदी टाकावी तसं.

अशा बोलीनंतर पुढच्या माणसाने मनात दहा अंक मोजेपर्यंत थांबायचं असतं. पानं काही का असेनात. थांबून मग बोलायचं किंवा पास द्यायचा. सगळेच सारखे थांबले म्हणजे कोणाच्या थांबण्यावरून काही कळत नाही. आणि दहाच्या पुढेही थांबायचं नाही, कारण जास्त थांबणं म्हणजे भिडूला न बोलता सांगणं झालं, की माझ्या हातात काहीतरी आहे, मी अडले आहे.

बेबाबाईच्या हातात काहीतरी नव्हतं, भरपूर होतं. बदामाचा एक्का, गुलाम आणि त्याखालची तीन पानं तिच्याचकडे. वर इस्पिकचा एक्का, चौकटचा राजा. पोरगा तिच्या जाळ्यात येऊन पडला होता; डबल दिला की न झेपलेल्या बोलीचा दंड कितीतरी वाढतो. पण अशा वेळी आपण स्वतः डबल द्यायचा नसतो. तिने डबल दिला तर त्याचा अर्थ होतो, 'माझ्याकडे बदाम नाहीत, भिडू, तू तुझा रंग सांग.' म्हणून तिने गुपचूप पास द्यायचा. मग शेवटी बोलायची पाळी पंडितची. त्याच्याकडे बदाम कमी असणार, तेव्हा त्याने हातात फार काही नसलं तरी भिडूवर भरवसा ठेवून डबल द्यायचा. आणि हिने पुन्हा गप्प. झाला, पोरगा अडकला. झिपरूभाऊंनी आणि तिने असे किती जण अडकवले होते.

ती मोजायला लागली. एक, दोन, तीन. समोर पंडितने पंखा मिटला आणि मुठीत धरला. त्याच्या सदऱ्याचं वरचं बटण तुटलेलं होतं, तिथे टाचणी लावली होती. बटण लावून द्यायला घरात कोणी नव्हतं, बायको त्याची कधीच गेलेली. सुरतेत सून लावील. सुनेचं नाव दिपमाला. पोरगी चांगली आहे, पण तिला काय माहीत, याला सकाळी उठल्या उठल्या कोमट पाणी लागतं? मी सासरी आले त्या दिवशी हा मला बिलगला होता, नाक गळत होतं, मी पदराने पुसलं होतं. न सांगता जाणार हा. मी बोलत नाही म्हणून न सांगता जाणार. आणि जाईल तेव्हा मी दारात उभी राहू की नको?

नवीन खाकरला.

बेबाबाई दचकली. दहा अंक कधीच होऊन गेले होते. तिने घाईने हिरवं पासचं कार्ड काढून टाकलं. भटूभाऊंनी पास दिला. आता पंडित.

पंडितने एकदा पानांकडे पाहिलं, एकदा तिच्या हिरव्या कार्डाकडे. आणि पास दिला.

तीन बदाम, डबल नाही. खेळ तिथेच ठरला. भटूभाऊंनी आपली पानं उलगडली, त्यात बदामाचं एकही पान नव्हतं. नवीनचं तोंड उतरलं. तीन हात कमी पडले त्याला. पण डबल नसल्यामुळे त्याचं मोल काहीच नाही. दुसऱ्या टेबलांवर याच पानांवर लोकांनी डबल देऊन तिप्पट वसूल केलं होतं.

"बठ्ठा बदाम तुम्हनाजोडेच व्हतात का वं अक्का!" भटूभाऊ पोट धरून हसले. "डबल दिधा व्हता ते आम्ही मरी जातूत!"

बेबाबाईने पंडितची पानं ओढून सरळ केली. बदामाचं एकच पान. चौकटचा एक्का-गुलाम, इस्पिकचा राजा. झिपरूभाऊंनी डोळे मिटून डबल दिला असता.

चहाच्या सुट्टीची घंटा झाली. फळ्यावर त्यांचं नाव खाली सरकलं.

*

हॉलच्या मागे पाण्याची टाकी होती. पंडित तिथे चूळ भरत होता. बेबाबाई त्याच्यामागे जाऊन उभी राहिली आणि इतक्या वर्षांनी तोंड उघडलं.

"आंधळा झाला का तू? डबल काहून नही दिला?"

पंडितच्या हातातून पाणी सांडलं. तो वळला. तिच्या तोंडाकडे बघतच राहिला, जणू भिंत बोलली.

"तुलेच विचारते. बदामाचं एक पान हातात, चौकटचा एक्का हातात. भाऊनं हेच शिकवलं का?"

"वयनी," तो हळू म्हणाला, "तू थांबली होती."

"मंग?"

"लय थांबली. तुह्या हातात काही आहे हे मले कळलं. कळल्यावर कसा देऊ डबल? तुह्या थांबन्यावरून उचललं असतं ते. चोरी झाली असती."

नियमाने त्याचं बरोबर होतं. भिडू अडखळला तर त्या अडखळण्याचा फायदा घ्यायचा नाही. तिला हे माहीत होतं, तिनेच गावातल्या पोरांना यावरून झोडपलं होतं. पण आज ते बरोबर असणंच तिच्या अंगाला झोंबलं.

"मी पानांसाठी नव्हती थांबली रे!" ती ओरडली. "पानांत काय ठेवलंय विचार करायला? तू सुरतेले चालला, ते मले त्या भिकुबाईनं सांगलं. परक्या बाईनं! मी तुह्याकडे पाहून राह्यली होती. पानं हातात आहेत हेच विसरली मी."

पंडितने ओले हात सदऱ्याला पुसले.

"एवढा नियमाचा तू. पत्त्याच्या खेळात एवढं जपून वागतो. आन् तिथं? तिथं तुले थांबता नही आलं? मी फोनवर सांगून राह्यली, येते, येते. तुह्या सख्ख्या भावाच्या बायकोसाठी घडीभर नही थांबला. चोरी म्हनतो? माहा नवरा चोरला तू. शेवटचं तोंड चोरलं."

"नही थांबलो," पंडित म्हणाला. तेच, तसंच.

"हेच म्हन! मरेपर्यंत हेच म्हन! सुरतेले जा आन् तिथं पोराले सांग, भाऊले मी मारलं."

तेव्हा पंडित मटकन टाकीच्या कट्ट्यावर बसला. साठीचा माणूस, पण ओठ असा काढला त्याने, की बेबाबाईला नाक गळणारा पोरगाच आठवला.

"भाऊ म्हने," तो बोलला. "भाऊच म्हने मले. शपथ घातली होती, तुले सांगू नको म्हनून. आता मी जातो, आता काय."

"काय म्हने?"

"डॉक्टरनं विचारलं, नळी घालायची का. भाऊ शुद्धीवर होता. त्यानं तोंडावरचा मास्क बाजूला केला. म्हने, नको. मांगच्या वेळचं पुन्हा नको. हात बांधतात, म्हने. मी म्हटलं, वयनी येऊन राह्यली, तिले विचारू. तर त्यानं माहा हात धरला."

"खोटं."

"म्हने, ती आली तर मले मरू देनार नही. ती भांडंल आन् जिंकंल. मांगं जिंकली तशी. तवा तू आडवी बोली लाव, पंडित. ती यायच्या आंदी लाव. तिले जागाच ठेवू नको."

बेबाबाईने टाकीला हात टेकला.

हे पंडितला सुचणं शक्य नव्हतं. असं बोलायचे ते झिपरूभाऊच. केळीच्या व्यापाऱ्याशी भाव ठरवतानाही ते म्हणायचे, याने आधीच आडवी बोली लावली बघ. मुलाच्या लग्नाच्या बैठकीतही म्हणाले होते. तो फाटका आवाज तिला ऐकू आला, मास्कच्या कडेने येणारा.

"आनखी काय म्हने?"

"म्हने, माहं नाव नको सांगू. तुह्यावर रागावंल, बोलंल, शिव्या देईल. तू सोस. माह्यावर राग धरला तर ती कोनाशी भांडंल? मी तर नसंन."

टाकीच्या नळातून पाणी ठिबकत होतं. आत पंच माइकवर पुढच्या डावाची टेबलं सांगत होता. बेबाबाई उभी होती. तिला वाटलं होतं, खरं कळलं तर छातीवरचं ओझं उतरेल. ते उतरलं नाही, जागा बदलून आणखी आत गेलं.

आडवी बोली विरुद्ध बाजूच्यांवर लावतात. आपल्या भिडूवर कोणी लावतं का? जन्मभर ती त्या माणसासमोर बसली होती. त्याच्या भुवईवरून तिला त्याचं पान कळायचं. आणि त्याच्या मनात एवढी एक गोष्ट होती, मला आता जाऊ दे, ती तो तिला सांगू शकला नाही. सांगितली असती तर तिने ऐकली नसती, हेही तिला तिथेच उभ्या-उभ्या कळलं. ती पहूरहून येऊन दवाखान्याच्या दारातच ओरडली असती. नळी घातली असती. हात बांधले असते. ती जिंकली असती.

"मले सांगायचं नव्हतं तू," ती म्हणाली.

"हो."

"चांगलं होतं तुह्यावर रागावनं. सोपं होतं."

"मंग राग ना अजून. मी काय म्हनतो का काही?" पंडितने बाहीने डोळे पुसले. "कोनाले सांगू नको, वयनी. जितेंद्रले पन नको. भाऊचं नाव कशाले मधी. मी जाऊनच राह्यलो. माह्या नावावर राहू दे."

बेबाबाईने पदर कमरेला खोचला. "चल," ती म्हणाली. "टेबल बोलावून राह्यले."

उरलेले डाव ते खेळले. कितवे आले हे बघायला ती फळ्यापाशी गेली नाही.

*

परतताना बेबाबाई गाडीत मागे बसली. जितेंद्रने आरशातून पाहिलं. "आई, पुढे बस ना. मागे हादरे बसतात."

"बसू दे."

पंडित दाराला चिकटून बसला होता, मांडीवर पिशवी. धुळं मागे पडलं. बेबाबाई खिडकीबाहेर बघत होती आणि मनात जुळवाजुळव करत होती. गप्प बसणं सोपं होतं. पंडितने वाटही मोकळी करून दिली होती. तो जाईल, लोक विसरतील, आणि बेबाबाई राहील, नवऱ्याला ओढून आणणारी, जिच्या माघारी दिराने घात केला ती. आणि सांगायचं म्हणजे काय सांगायचं? माझा नवरा मला भ्यायचा? मरताना त्याला माझ्यापासून लपावं लागलं? ज्या पोराने आईला कधी हरताना बघितलं नाही, त्याला?

ती पुढे वाकली.

"जितेंद्र."

"हं."

"तुझ्या आबांनीच नळी नको म्हणून सांगितलं होतं. तुझ्या काकांनी नाही ठरवलं. आबा शुद्धीवर होते. मी यायच्या आधी उरकून टाका, म्हणाले. मला भिऊन."

गाडीचा वेग उतरला. मागून ट्रकने हॉर्न दिला. जितेंद्रने गाडी कडेला घेतली आणि मागे वळून पाहिलं.

"काका?" तो म्हणाला.

"जाऊ दे रे, पोरा," पंडित म्हणाला.

"मग इतकी वर्षं बोलला का नाहीत तुम्ही? पोरीच्या लग्नात मी तुम्हाला… अक्षता टाकायला सुद्धा मी तुम्हाला पुढे बोलावलं नाही."

"त्यांना काय विचारतोस?" बेबाबाई म्हणाली. "मी बोलू दिलं असतं तर बोलले असते. चल, गाडी चालव. रस्त्यात उभं राहून काय होणार?"

जितेंद्रने गाडी चालू केली. त्याचे खांदे हलत होते, आणि तिने त्याला गप्प हो म्हटलं नाही.

पारोळा गेलं. एरंडोल आलं. तेव्हा कुठे बेबाबाईच्या ध्यानात आलं, की झिपरूभाऊंच्या शेवटच्या दुपारी त्यांच्याजवळ असलेला एकच माणूस जगात आहे. तो इतकी वर्षं भिंतीपलीकडे होता. तिने त्याला एक शब्द विचारला नव्हता. आणि आता तो सुरतेला चालला होता.

"पानी मांगलं होतं का त्यांनी?" तिने विचारलं.

पंडित वळला. "हो. चमच्यानं देल्हं."

"गेलं का घशाखाली?"

"दोन चमचे गेले. तिसरा नही गेला."

"खिडकीजवळ होती का खाट? त्यांना खिडकी लागायची."

"खिडकीजवळच होती. बाहेर लिंबाचं झाड होतं."

"दुखत होतं का?"

पंडितने विचार केला. खोटं बोलायची त्याला सवय नव्हती. "आंदी लय. मंग डॉक्टरनं सुई देल्ही. मंग नही."

"भ्याले का?"

"थोडे. माहा हात सोडला नही."

बेबाबाईने मान हलवली. जळगाव आलं, बाजूने रिक्षा आणि मोटारसायकली जात राहिल्या. जितेंद्र गाडी अगदी हळू चालवत होता. मागून लोक हॉर्न देऊन पुढे जात होते, त्याने कोणालाही शिवी दिली नाही. तापीचा पूल यायला थोडाच वेळ होता, पुलानंतर यावल, आणि यावलनंतर घर.

"कोनता सदरा होता अंगात?" ती म्हणाली. "सांग ना. मले काहीच माहीत नही."